जुन्या गेममधून काढलेला आवाज फाटका येतोय? फाइलला दोष देण्याआधी हे तपासा

"फाइल करप्ट आहे बहुतेक." जुन्या गेमचा रीमेक करणाऱ्या मित्रांकडून मला हेच वाक्य येतं, सोबत एक वेव्ह फाइल जोडलेली. अशा फाइली मी आजवर बऱ्याच सोडवल्या, पण त्यातल्या खरोखर खराब निघालेल्या बोटांवर मोजण्याइतक्याच. बाकी सगळीकडे फाइल ठणठणीत होती, ती वाचणारं टूल चुकीचं वाचत होतं. नव्वदच्या दशकातल्या गेममध्ये आवाजाचे आकडे डिस्कवर असायचे, पण ते कसे वाचायचे ही माहिती अनेकदा गेमच्या कोडमध्ये असायची. आपण आकडे उचलून आणतो आणि माहिती तिथेच राहते.

आधी लक्षणं बघा. तुमचं कुठलं ते ठरवा आणि मग खाली जा.

- दोन स्टेशनांच्या मधे अडकलेल्या रेडिओसारखी नुसती खरखर. मूळ आवाजाचा मागमूस नाही.
- आवाज ओळखू येतो, पण त्यावर कढईत पाणी पडल्यासारखी तडतड.
- सेल उतरलेल्या वॉकमनसारखा जड आणि संथ, किंवा उलट चिरका आणि घाईघाईचा.
- स्वर बरोबर, पण चाल संथ किंवा जलद. (हे वरच्यापेक्षा वेगळं आहे. फरक नीट ऐका, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.)
- सुरुवातीला किंवा शेवटी "टक".
- पंख्याची घरघर किंवा पाण्याचा आवाज एकदाच वाजून बंद पडतो, किंवा दर फेरीला मधे उचकी लागते.
- गेमचे इफेक्ट सगळे मिळाले, संगीत कुठेच नाही.
- सगळं ठीक, पण गोधडीखालून आल्यासारखं.

तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. मधली गाळू नका. दहा सेकंदांची तपासणी गाळून दोन रात्री हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) घालवणारे मी पाहिलेत, त्यात एकदा मी स्वतःही होतो.

हात घालण्याआधी

मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइल "फक्त वाचण्यासाठी" करून ठेवा. हेडफोनचा आवाज अगदी खाली आणा. चुकीच्या पद्धतीने वाचलेला आवाज हमखास पूर्ण ताकदीने येतो, मूळचा कितीही हळू असला तरी. आणि नॉइज रिडक्शनला अजिबात हात लावू नका. वाचायची पद्धत चुकली असताना खरखर पुसत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

१. मूळ गेममध्ये तो आवाज कसा येतो?

डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) गेम चालवा आणि तोच आवाज ऐका. हे पहिलं अशासाठी की काही वेळा दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. ८-बिट आवाजात लाटेच्या उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, त्यामुळे हळू आवाजामागे थोडी सळसळ मूळचीच असते. लहानपणी कॉम्प्युटर क्लासच्या डबड्या स्पीकरवर ती ऐकू आली नव्हती, आज चांगल्या हेडफोनवर येते, एवढाच फरक.

डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-६ दाबलं की गेमचा आवाज वेव्ह फाइलमध्ये नोंदवला जातो. ही नोंद जपून ठेवा. रीमेकमध्ये ती वापरायची नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीला तुलनेसाठी तीच मोजपट्टी.

२. फाइलचं नाव

तुमच्या विंडोजवर आवाज येतो आणि लिनक्सवाल्या मित्राकडे गेम मुका? जुन्या गेममधली नावं सगळी कॅपिटल अक्षरांत असतात, तुमच्या कोडमध्ये ती स्मॉल लिहिलेली. विंडोज दुर्लक्ष करतं, लिनक्स करत नाही. नावं एकसारखी करा. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

३. संगीत नाहीच? सीडीची इमेज बघा

१९९६ च्या क्वेक या गेमच्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत दहा ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे. ते संगीत कुठल्याही फाइलमध्ये नाही. मग तुम्ही पाक फाइल (गेमच्या बाकी फाइलींचं गाठोडं) कितीही उलगडा, ते सापडणार नाही.

बहुतेकांकडे असते आयएसओ इमेज, म्हणजे सीडीची एका फाइलमधली प्रत, आणि घोटाळा तिथेच होतो. आयएसओमध्ये दर सेक्टरला २०४८ बाइट डेटा उतरतो. ऑडिओ ट्रॅकचा सेक्टर असतो २३५२ बाइटचा आणि त्याला फाइलसिस्टिम नसते, त्यामुळे आयएसओ करताना ते ट्रॅक गळून पडतात. बिन आणि क्यू अशी जोडी लागते: बिनमध्ये सीडीवरचे बाइट, क्यूमध्ये ट्रॅकची यादी. क्यू फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात एकच ट्रॅक लिहिलेला असेल, तर संगीत इमेजमध्ये आलेलंच नाही. सीडी ऑडिओ सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो, मिनिटाला एक कोटी बाइटच्या थोडं वर. तेव्हा इमेज फारच हलकी वाटत असेल तर ती नव्याने काढा. पैसे लागत नाहीत, सीडी मात्र हाताशी हवी.

४. पहिले सोळा बाइट

हेक्स एडिटर फुकट मिळतो. फाइल उघडा आणि फक्त पहिली ओळ वाचा. फाइलचं एक्स्टेन्शन खोटं बोलू शकतं, पहिली ओळ सहसा बोलत नाही.

"रिफ" ही चार इंग्रजी अक्षरं दिसली तर खरी वेव्ह फाइल. "क्रिएटिव्ह व्हॉइस फाइल" असं लांबलचक वाक्य दिसलं तर साउंड ब्लास्टर साउंड कार्डच्या जमान्यातली व्हॉक फाइल. "एमयूएस" आणि मागे २६ हा आकडा असेल तर तो ध्वनिमुद्रित आवाज नाही, डूम या गेमचं संगीत आहे, म्हणजे कुठला स्वर कधी वाजवायचा याची यादी. ती पीसीएम (म्हणजे आवाजाचे कच्चे नमुने) म्हणून वाजवली तर अर्ध्या सेकंदाची किरकिर येणार आणि तुम्ही म्हणणार, करप्ट.

डूमच्या वॅड फाइलमधल्या (गेमचे आवाज, चित्रं, नकाशे यांचं गाठोडं) इफेक्टची ओळख मला तोंडपाठ झाली आहे: ३, ०, १७, ४३. पहिले दोन बाइट म्हणजे प्रकार क्रमांक ३. पुढचे दोन म्हणजे सॅम्पल रेट, सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते, पण लहान बाइट आधी आणि मोठा नंतर: ४३ गुणिले २५६ अधिक १७, बरोबर ११०२५. स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे हे दोन बाइट उलट जोडतात तेव्हा उत्तर येतं ४३९५, आणि पिस्तुलाच्या गोळीऐवजी दूरवर ढग गडगडतात. २२०५० रेटचे थोडे आवाजही त्या वॅडमध्ये आहेत, तिथे ३४, ८६ दिसेल. म्हणून सगळ्या फोल्डरला एकच रेट लावून मोकळे होऊ नका, प्रत्येक फाइलचं हेडर वाचा.

वेव्हबद्दल एक सूचना. हेडर ४४ बाइटचंच असतं असं धरून पुढचं सगळं आवाज म्हणून घेणाऱ्या स्क्रिप्ट बऱ्याच फिरतात. साध्या फाइलला ते चालतं. मधे जादा माहितीचा तुकडा असला की तो तुकडाही "वाजतो".

५. कच्चं वाचन

हेडरवरून काही कळलं नाही, किंवा हेडरच नाही, तर ऑडासिटी हा आवाजाचा एडिटर उघडा आणि फाइल मेनूतून इम्पोर्ट, मग रॉ डेटा. इथे ती पाच प्रश्न विचारते: किती बिट, साइन्ड की अनसाइन्ड (आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना की फक्त शून्यापासून वर), बाइटचा क्रम, चॅनेल किती, आणि सुरुवात कुठून. सॅम्पल रेट सध्या सोडा, त्याने खरखर होत नाही, फक्त वेग बदलतो.

माझं मत विचाराल तर निम्म्याहून अधिक तक्रारी याच खिडकीत मिटतात. आणि कानापेक्षा इथे डोळ्यावर भरवसा ठेवा.

लाट मोठी करून बघा. मध्यरेषेजवळ काहीच नाही आणि सगळी शाई वरच्या आणि खालच्या कडेला चिकटलेली दिसली, तर साइन्ड-अनसाइन्डची अदलाबदल झाली आहे. पीसीवरच्या ८-बिट वेव्हमध्ये शांतता म्हणजे १२८. अमिगावरच्या ८-बिट आवाजात शांतता म्हणजे ०. एक दुसऱ्यासारखं वाचलं की शांततेजवळच्या बारीक हालचाली एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला उड्या मारतात. म्हणून तो आवाज इतका कर्कश येतो. उपाय एका क्लिकचा.

आवाज ओळखू येतो, वर सतत सळसळ आहे आणि शिवाय तो निम्म्या वेगाने चाललाय? १६-बिटचा आवाज ८-बिट म्हणून वाचला आहे. प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट दोन वेगळे नमुने झाले, त्यातला लहान बाइट जवळजवळ यादृच्छिक असतो, तीच सळसळ.

१६-बिट धरलं आणि शांत जागीसुद्धा जोरदार खरखर येते, तर बाइटचा क्रम उलटा करून बघा. जुन्या मॅकिन्टॉशवरच्या एआयएफएफ फाइलमध्ये मोठा बाइट आधी असतो, पीसीवर लहान आधी. तरीही नाही जमलं तर सुरुवात एका बाइटने पुढे सरकवा. हेडरची लांबी विषम असेल तर प्रत्येक नमुना अर्धा या शेजाऱ्याचा आणि अर्धा त्या शेजाऱ्याचा होतो. एका बाइटचा फरक, पण खरखर शंभर टक्के. मी एका पूर्ण रविवारी यावर बसलो होतो, म्हणून सांगतो.

खरखर नाही, पण वेग नेमका निम्मा किंवा नेमका दुप्पट असेल तर रेटआधी चॅनेल बघा. स्टीरिओ आवाज मोनो म्हणून वाचला की निम्मा वेग, मोनो स्टीरिओ म्हणून वाचला की दुप्पट.

६. वेग: दोन वेगळी दुखणी

आता तो वर म्हटलेला फरक. स्वर आणि चाल दोन्ही एकत्र बदलले असतील तर चूक सॅम्पल रेटची. स्वर जागच्या जागी आणि फक्त चाल बदलली असेल, तर तो सॅम्पल नाहीच. स्वरांची यादी आहे आणि यादी पुढे सरकवणाऱ्या घड्याळाचा वेग चुकलाय.

१९९२ चा वुल्फेन्स्टाइन थ्रीडी एकट्याने दोन्ही शिकवतो. त्याच्या व्हीस्वॅप फाइलमधले डिजिटल आवाज ८-बिट मोनो आहेत आणि त्यांना हेडरच नाही. गेमच्या कोडमध्ये रेट लिहिलाय ७०००. पण साउंड ब्लास्टर कार्डला रेट थेट सांगता यायचा नाही, एक लहान पूर्णांक द्यावा लागायचा: दहा लाखाला रेटने भागायचं आणि उत्तर २५६ मधून वजा करायचं. दहा लाख भागिले ७००० म्हणजे १४२ आणि वर अपूर्णांक. अपूर्णांक गळतो. कार्ड मग दहा लाख भागिले १४२ या वेगाने वाजवतं, म्हणजे ७०४२. म्हणून ती फाइल ७०४२ ला लावायची. कोणी सवयीने ८००० ला लावली तर पांढरी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्या किंचित वर जातो, आणि पहारेकरी घाबरल्यासारखे ओरडतात. ११०२५ ला लावली तर ते पहारेकरी राहतच नाहीत, चिमण्या होतात.

व्हॉक फाइलमध्ये ११,१११ आणि १०,९८९ सारखे विचित्र रेट दिसतात तेही याच गणितामुळे. ११०२५ साठी भागाकार ९० धरला तर ११,१११ येतात, आणि ९१ धरला तर १०,९८९. स्फोटाच्या आवाजात हा फरक कोणालाही कळणार नाही, त्यामागे वेळ घालवू नका. संवादांचं मात्र वेगळं. ११,१११ चा आवाज ११,०२५ ने वाजवला तर एका मिनिटात जवळपास अर्धा सेकंद मागे पडतो, आणि ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो.

आता त्याच गेमचं संगीत. ते आयएमएफ प्रकारचं आहे, म्हणजे ॲडलिब कार्डच्या चिपला दिलेल्या आज्ञांची यादी. वुल्फेन्स्टाइनमध्ये घड्याळ सेकंदाला ७०० वेळा टिकटिकतं, कमांडर कीनमध्ये ५६०. फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला नाही. वाजवणारी सॉफ्टवेअरं चक्क एक्स्टेन्शनवरून अंदाज घेतात: आयएमएफ असेल तर ५६०, डब्ल्यूएलएफ असेल तर ७००. एक मिनिटाची धून सव्वा मिनिट चालत असेल आणि स्वर मात्र अचूक असतील, तर फाइलचं नाव बदलून बघा. झालं. या एका गोष्टीसाठी लोकांनी टेम्पो ताणून, मग त्याने आलेला बद्दपणा घालवायला इक्वलायझर लावून धुनी खराब केल्या आहेत.

७. टक

सुरुवातीचा "टक" म्हणजे हेडर आवाज म्हणून वाजलं. डूमच्या इफेक्टमध्ये ८ बाइट हेडरचे आणि त्यानंतर १६ बाइट नुसत्या भरतीचे. तसेच १६ शेवटी. हेडरमधल्या लांबीत ही भरती धरलेली असते, म्हणून लांबीतून ३२ वजा करून खरा आवाज कापा.

शेवटचा "धप" बहुधा शून्यांमुळे येतो. कोणीतरी फाइलची लांबी जुळवायला शेवटी शून्यं भरलेली असतात. साइन्ड आवाजात शून्य म्हणजे शांतता, पण अनसाइन्ड ८-बिटमध्ये शून्य म्हणजे तळ. लाट १२८ वरून थेट तळाला आपटते. शून्यांच्या जागी १२८ भरा किंवा ती कापून टाका.

आणि आवाज मधेच तुटत असेल, तुकडेही साधारण सारख्या लांबीचे असतील, तर टूलने पानं वेगवेगळी काढली आहेत. व्हीस्वॅपमध्ये ४०९६ बाइटची पानं असतात, लांब आवाज अनेक पानांवर पसरतो, आणि कुठला आवाज कुठल्या पानापासून किती लांब याची यादी अगदी शेवटच्या पानात असते. ती यादी वाचणारं टूल घ्या. पानं हाताने चिकटवायला जाऊ नका, त्या आवाजाच्या शेवटच्या पानातला उरलेला कचराही सोबत येतो.

८. आत आधीच दाबलेलं आहे का?

पाचव्या पायरीवरची सगळी बटणं दाबून झाली तरी खरखरच? मग कदाचित ते कच्चं पीसीएम नाही. एक गावठी चाचणी: फाइल झिप करा. कच्चा आवाज थोडातरी आकसतो. आकार जवळजवळ जसाच्या तसा राहिला तर आत आधीच दाबलेलं किंवा गुंडाळलेलं काहीतरी आहे.

त्या काळी सर्रास भेटतं ते एडीपीसीएम. पूर्ण नमुना लिहिण्याऐवजी मागच्या नमुन्यापासून किती सरकायचं तेवढंच चार बिटांत लिहितात, म्हणून १६-बिट आवाज चौथाईत बसतो. गोम अशी की याचे पुष्कळ पोटप्रकार आहेत आणि एफएफएमपेग या रूपांतराच्या टूलमध्ये त्यांची लांबलचक यादी आहे. शब्द कळतात पण वर सळसळ आहे, असं असेल तर प्रकार जवळपास बरोबर आहे, बाइटमधले दोन अर्धे उलट क्रमाने वाचले जाताहेत. सुरुवात स्वच्छ आणि पुढे लाट हळूहळू मध्यरेषा सोडून वर किंवा खाली वाहत गेली, तर मागच्या नमुन्याची आठवण कुठेतरी बिघडते आहे.

वेस्टवुडच्या कमांड अँड कॉन्कर (१९९५) आणि रेड अलर्टमधल्या ऑड फाइली याचा नमुना. १२ बाइटचं हेडर, त्यातला शेवटचा बाइट ९९ असेल तर आयएमए एडीपीसीएम, १ असेल तर वेस्टवुडची स्वतःची पद्धत. पुढे आवाज तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर एक खूण, जी सोळाच्या पद्धतीत लिहिली की इंग्रजी अक्षरं येतात डी, ई, ए, एफ. म्हणजे "बहिरा". ध्वनीच्या फाइलवर ही खूण मारणाऱ्या प्रोग्रामरला मी मनातल्या मनात चहा पाजलाय. तर, मुद्दा: तुकडा बदलला तरी मागच्या नमुन्याची आठवण शून्यावर आणायची नाही, पुढे चालू ठेवायची. स्वतः लिहिलेला डीकोडर प्रत्येक खुणेला नव्याने सुरू झाला की दर तुकड्याला टक येतो.

पण आधी स्वतःला विचारा, बदलायची गरज आहे का? वेस्टवुडचे हे गेम चालवणारं ओपनआरए ऑड फाइल थेट वाचतं, जुने ॲडव्हेंचर गेम चालवणारं स्कमव्हीएम मूळ गेमच्या फाइली वाचतं. तुमच्या इंजिनातही वाचक जोडता आला तर रूपांतराचे हे सगळे घोळ उरत नाहीत.

९. लूप हरवला किंवा उचकी लागते

क्वेकमधल्या सतत चालणाऱ्या आवाजांच्या वेव्ह फाइलमध्ये "क्यू" नावाचा छोटा तुकडा असतो. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी फेरी, कुठून सुरू करायचा ते इंजिन त्यावरून ठरवतं. तुम्ही फाइल एडिटरमध्ये उघडून पुन्हा साठवली की हा तुकडा बहुधा गळतो. ऐकायला आवाज तोच, पण गेममध्ये वारा एकदाच वाहतो. रूपांतर करण्याआधी लूपचे आकडे कागदावर किंवा शीटमध्ये उतरवून ठेवा, आणि रेट बदलला तर त्याच प्रमाणात तेही बदला: ११०२५ चं ४४१०० केलंत तर चौपट.

उचकीचं कारण जवळजवळ नेहमी एमपीथ्री. तो आवाज ११५२ नमुन्यांच्या साच्यात ओततो आणि पुढे-मागे रिकामी जागा सोडतो. लूपमध्ये ती जागा ऐकू येते. लूपसाठी ऑग व्हॉर्बिस किंवा फ्लॅक वापरा. एमपीथ्रीचं ऑग करून उपयोग नाही, रिकामी जागा तिथेच राहते आणि दर्जा दोनदा उतरतो.

१०. संगीत वाजतं, पण वाद्यं भलतीच

डूमच्या एमयूएसमध्ये तालवाद्यं पंधराव्या चॅनेलवर असतात (शून्यापासून मोजून), मिडीमध्ये (स्वरांच्या यादीचा सर्वमान्य प्रकार) ती दहाव्यावर लागतात (एकपासून मोजून). रूपांतर करणारं टूल हे विसरलं की तबल्याच्या जागी पेटी वाजते. टूल बदला. एमयूएसचं घड्याळ सेकंदाला १४० टिक. चाल चुकली तर तो आकडा शोधा.

त्याहून जुन्या गेममध्ये संगीत रोलँड एमटी-३२ या संगीत वाजवणाऱ्या यंत्रासाठी लिहिलेलं असायचं. ते यंत्र १९८७ चं, वाद्यांचे क्रमांक ठरवून देणारं जनरल मिडी आलं १९९१ मध्ये. वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून साध्या मिडी प्लेअरवर बासरीच्या जागी काहीही येतं. एमटी-३२ चं अनुकरण करणारं मुंट आहे, पण त्याला मूळ यंत्राचा रॉम (यंत्राच्या चिपमधला डेटा) लागतो आणि त्यावर रोलँडने हक्क सांगितलेला आहे. ज्याच्याकडे ते यंत्र आहे अशा माणसाकडून रेकॉर्ड करून घेणं मला जास्त सरळ वाटतं.

११. गोधडीखालचा आवाज, आणि दिशा नसलेला आवाज

११०२५ चा आवाज ४४१०० करताना आजची टूल्स मधले नमुने गुळगुळीत भरतात. शास्त्राने बरोबर, कानाला चूक. जुन्या यंत्रांवर पायऱ्या तशाच राहायच्या आणि त्यातून एक खरबरीत धार यायची, तीच लोकांच्या आठवणीत आहे. मी प्रत्येक नमुना चारदा लिहितो, बस्स. काही जाणकारांना हे पटत नाही. डॉसबॉक्सची ती मोजपट्टी लावून तुम्हीच ठरवा.

शत्रू डावीकडे असो की उजवीकडे, आवाज मधूनच येतो? ओपनएएल (गेममध्ये आवाज वाजवणारी लायब्ररी) स्टीरिओ आवाजाला दिशा देत नाही, फक्त मोनोला देतो. तुमच्या कन्व्हर्टरने सगळं स्टीरिओ करून ठेवलंय. परत मोनो करा.

इथे थांबा

डिस्कवर बुरशी असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फ्लॉपीवर पांढुरके ठिपके येतात. तशी फ्लॉपी फिरवली की हेड घासतं, ती जाते आणि पुढच्या फ्लॉप्याही नेते. सीडीच्या छापील बाजूला चरा असेल किंवा चकाकी सोलवटलेली असेल तर टूथपेस्ट वगैरे प्रयोग करू नका. डेटाचा थर त्या छापाच्या लगेच खाली असतो, तिथला गेला तो गेला. घरच्या ड्राइव्हने दोन-तीन प्रयत्नांत वाचलं नाही तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडे द्या, आणि आधी विचारा की तो फ्लॉपी-सीडी हाताळतो का; बरेचजण फक्त हार्ड डिस्क करतात. त्याआधी तीच आवृत्ती दुसऱ्या कोणाकडे आहे का हे विचारणं अर्थातच स्वस्त पडतं.

झिपची चाचणी म्हणते दाबलेलं आहे, पण एकही ओळखीचा प्रकार जुळत नाही, असं असेल तर दोन संध्याकाळी देऊन थांबा. पुढचं काम गेमचा मूळ प्रोग्राम उलगडून डीकोडर शोधण्याचं आहे. ते रिव्हर्स इंजिनिअरिंग करणाऱ्याचं काम, अंदाजाने बटणं दाबणाऱ्याचं नाही. त्याला फाइलचे तीन-चार नमुने, गेमची नेमकी आवृत्ती आणि डॉसबॉक्समधली नोंद एकत्र द्या, नुसतं "खरखर येते" असं सांगू नका.

आणि रीमेक लोकांना वाटायचा असेल, त्यातही पैसे घेऊन, तर वकिलाला विचारा. हे माझ्याकडून ऐकून करायचं काम नाही. डूमचा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, पण आवाज, चित्रं आणि नकाशे त्यात नव्हते. डीएमएक्स नावाचा ध्वनीचा कोड दुसऱ्याचा असल्यामुळे तोही नव्हता. आपल्या १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे, त्यामुळे १९९३ च्या आवाजांची मुदत संपायची वाट बघण्यात अर्थ नाही. मी स्वतः आवाज रीमेकसोबत देत नाही. माझी स्क्रिप्ट वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सीडीवरून तो काढून घेते, आणि सीडी नसेल तर गेम मुका चालतो.